गाठीला गाठीचेच माप



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस, भातकापणीला अजून अवकाश असताना, आमच्या ओळखीचे एक शेतकरी गृहस्थ एक मोठे पाकीट घेऊन आमच्याकडे आले. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाच्या जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली होती. दीड महिना झाला तरी ती विरेना, तेव्हा शहरातील डॉक्टरांनी ती काढून तपासणीला पाठवली होती. पाकिटात तिचाच अहवाल होता. त्यात आकड्यांचे लांबलचक कोष्टक होते आणि एका ओळीपुढे वर तोंड केलेला काळा बाण छापलेला होता. 'सीडी ४ व सीडी ८ यांचे प्रमाण : ५.८', आणि शेजारच्या रकान्यात 'सामान्य मर्यादा : १ ते ३'. तो बाण पाहून एका शिकलेल्या नातलगाने 'हा कॅन्सरच' असा निकाल परस्पर देऊन टाकला होता. दोन दिवस त्या घरात कोणाच्या पोटात धड अन्न गेले नव्हते.

आम्ही काही डॉक्टर नव्हे. म्हणून दुसऱ्या दिवशी त्या बापलेकांबरोबर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कोष्टक पाहिले, सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीचा दुसरा कागद पाहिला, आणि शांतपणे म्हणाले, "हा शेजारचा रकाना रक्ताचा आहे, गाठीचा नव्हे. गाठीत हे प्रमाण चढेच असते. पोराची दाढ किडली आहे, तिच्यामुळे ही गाठ सुजली होती. दाढेचे बघा." दाढ काढली. मुलगा आता बापाबरोबर शेतावर आहे.

यंत्राने मोजलेला आकडा बरोबर होता. ज्या मापाशी तो ताडला, ते माप चुकीचे होते. अशा एका चुकीच्या रकान्यापायी एक घर दोन दिवस उपाशी राहिले. म्हणून या अंकात ही गोष्ट समजावून सांगावी असे आम्ही ठरवले: गाठीतल्या पेशी मोजतात कशा, आणि त्यांतले 'सामान्य' किती हे ठरवतात कसे.

गाठ म्हणजे काय?

पायाला काटा लागून पू झाला की जांघेत अवधाण येते. हाताला जखम झाली की काखेत गोळा येतो. घसा बसला की मानेला गाठी लागतात. या सगळ्या गाठी त्या वेळी नव्याने उगवत नाहीत. त्या जन्मापासून शरीरात असतातच, एरवी हाताला लागत नाहीत इतकेच. त्यांना लसिकाग्रंथी म्हणतात. माणसाच्या शरीरात अशा काही शेकडा ग्रंथी आहेत. मान, काख, जांघ, छाती आणि पोटातील आतड्यांभोवतीचा पडदा या ठिकाणी त्या अधिक दाटीने असतात.

रक्तातून झिरपलेले पाणी शरीरभर बारीक नळ्यांतून परत हृदयाकडे जाते. त्याला लसिका म्हणतात. या नळ्यांच्या वाटेवर, ओढ्यावर जागोजागी बांध घालावेत तशा या ग्रंथी बसवलेल्या आहेत. जंतू, धूळ, मेलेल्या पेशींचे अवशेष असे जे काही वाहत येते ते येथे अडते आणि येथील पहारेकरी पेशी त्याची तपासणी करतात. शत्रू ओळखू आला की त्याच्याशी लढणाऱ्या पेशींची वाढ होते आणि गाठ फुगते. १८९६ साली मुंबईत शिरलेल्या प्लेगमध्ये काखेत व जांघेत ज्या भयंकर गाठी येत, त्या याच ग्रंथी होत्या.

गाठीतील बहुतेक पेशी लिंफोसाइट जातीच्या असतात. त्यांचे मुख्य प्रकार तीन. बी पेशी या प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशींच्या मूळ. टी पेशींत दोन मोठे गट: सीडी ४ हे हुकूम देणारे आणि मदत करणारे, तर सीडी ८ हे रोगट पेशींना प्रत्यक्ष मारणारे. तिसरा प्रकार एनके, म्हणजे ओळखपाळख नसतानाही रोगट पेशीवर तुटून पडणाऱ्या पेशी. गाठीत यांची वस्ती ठरलेली असते. बाहेरच्या बाजूला बी पेशींची गोल गोल आळी, त्यांच्यामध्ये आणि आत टी पेशींची वस्ती.

पेशी मोजण्याचे यंत्र

अडचण अशी, की सूक्ष्मदर्शकाखाली या सगळ्या पेशी एकसारख्याच दिसतात. टी कोणती आणि बी कोणती हे नुसत्या डोळ्याने सांगता येत नाही. दुरून पाहिले तर सगळ्या शाळकरी मुलांचा गणवेश एकच, तसे हे आहे. मग ओळख पटावी कशी?

प्रत्येक जातीच्या पेशीच्या अंगावर काही खास खुणा असतात. टी पेशीवर सीडी ३ ही खूण, बी पेशीवर सीडी १९ आणि सीडी २०. ज्या त्या खुणेलाच जाऊन चिकटतील अशी प्रतिपिंडे प्रयोगशाळेत हवी तेवढी तयार करण्याची युक्ती १९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन या दोघांनी शोधली. त्यांना १९८४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या प्रतिपिंडांना चमकणारा रंग जोडता येतो. हिरवा सीडी ३ ला, तांबडा सीडी १९ ला, याप्रमाणे. मग ज्या पेशीवर जो रंग चमकेल, ती त्या जातीची.

आता मोजणी. गाठीचा ताजा तुकडा बारीक करून चाळणीतून गाळतात, म्हणजे पेशी सुट्या होतात. त्यांत रंगीत प्रतिपिंडे मिसळतात. मग हे पाणी अशा बारीक धारेतून सोडतात की पेशी एकामागून एक, एकेरी रांगेने पुढे सरकाव्यात. धारेवर लेसर किरण रोखलेला असतो. पेशी किरणासमोरून गेली की प्रकाश विखुरतो. त्यावरून तिचा आकार आणि आतील दाणेदारपणा कळतो, आणि रंगाच्या चमकेवरून तिची जात कळते. एका सेकंदात हजारो पेशी अशा तपासून होतात. या पद्धतीला फ्लो सायटोमेट्री म्हणतात. मराठीत 'प्रवाही पेशीमापन' म्हणता येईल.

अमेरिकेत वॉलेस कूल्टर यांना १९५३ साली विजेच्या साहाय्याने रक्तपेशी मोजण्याच्या युक्तीचे पेटंट मिळाले. १९६५ साली मॅक फुलवायलर यांनी पेशी नुसत्या न मोजता वेगवेगळ्या निवडण्याचे यंत्र केले. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात लिओनार्ड हर्झेनबर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी चमकणाऱ्या रंगांवरून पेशी निवडण्याचे यंत्र सिद्ध केले. आपल्याकडे एचआयव्हीच्या रुग्णांचे सीडी ४ मोजण्यासाठी हीच पद्धत सरकारी उपचार केंद्रांतून अनेक वर्षे वापरली गेली.

शेतकऱ्यांना हे यंत्र परके वाटू नये. गाईला कालवडच व्हावी म्हणून निवडलेले जे वीर्य हल्ली मिळते, ते याच यंत्राने निवडलेले असते. मादी वासरू देणाऱ्या शुक्रजंतूत नराच्या मानाने सुमारे ४ टक्के डीएनए अधिक असतो. तेवढ्या जादा चमकेवरून यंत्र दोन्ही वेगळे काढते. मोठ्या दूध प्रयोगशाळांत दुधातील पेशी मोजून कासदाह, म्हणजे आपली दगडी, ओळखतात. तेथेही पुष्कळदा हीच युक्ती असते.

'सामान्य' कशाला म्हणावे?

यंत्राने आकडा दिला. पण आकडा एकटा मुका असतो. डेअरीवर आपण दूध घालतो तेव्हा ४ फॅट लागला, हे चांगले की वाईट? दूध गाईचे असेल तर उत्तम. म्हशीचे असेल तर गवळ्याकडे लोक संशयाने पाहतील. आकडा तोच, पण माप बदलले की अर्थ बदलतो. रक्त आणि गाठ यांचेही असेच आहे.

वैद्यकशास्त्रात सामान्य मर्यादा ठरवण्याची रीत अशी. पुष्कळ निरोगी माणसे घ्यायची. निदान १२० असावीत असा प्रघात आहे. सगळ्यांची तपासणी एकाच पद्धतीने करायची. येणारे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडायचे. खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के सोडून द्यायचे. मधले ९५ टक्के ज्या मर्यादेत बसतात ती 'सामान्य मर्यादा'.

याचा एक अर्थ नीट ध्यानात घ्यावा. शंभर निरोगी माणसांपैकी पाच माणसे या मर्यादेबाहेर पडणारच. ती आजारी नसतात. मर्यादाच तशी आखलेली आहे. आणि एका कागदावर एकमेकांवर अवलंबून नसलेल्या वीस तपासण्या असतील, तर ठणठणीत माणसाच्या कागदावरही निदान एक तरी बाण उमटण्याची शक्यता शंभरात सुमारे ६४ इतकी असते. तेव्हा बाण दिसला म्हणजे रोग झाला, असे मुळीच नाही. बाण म्हणजे 'इकडे लक्ष द्या' एवढीच सूचना.

निरोगी गाठ आणायची कोठून?

रक्ताची मर्यादा ठरवणे सोपे. निरोगी माणसाच्या दंडाला सुई टोचली, दोन चमचे रक्त घेतले, काम झाले. गाठीचे तसे नाही. धडधाकट माणसाला 'तुमची मानेची गाठ काढून द्या' असे कोण म्हणणार, आणि का म्हणावे? प्रयोगशाळेत येणारी जवळजवळ प्रत्येक गाठ ही सुजलेली, संशयित गाठ असते. नुसत्या आजारी गाईंचे दूध तपासून निरोगी गाईचे माप ठरवावे, तशातली ही अडचण. म्हणून रक्ताची कोष्टके पूर्वीपासून पक्की आहेत, आणि गाठीची मात्र विरळ व लवचीक.

यातून शास्त्रज्ञांनी तीन वाटा काढल्या.

पहिली वाट: दुसऱ्या कारणासाठी शस्त्रक्रिया होत असताना ओघाने निघालेल्या आणि तपासणीत निर्दोष ठरलेल्या गाठी. पित्ताशय काढताना त्याच्या नळीजवळची गाठ निघते. स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठ काढून पाहतात आणि पुष्कळदा ती स्वच्छ निघते. रुग्णाच्या संमतीने अशा गाठीचा थोडा भाग मोजणीसाठी ठेवता येतो. पण या माणसांना दुसरा काही आजार असतोच, हा त्यातला उणेपणा.

दुसरी वाट: अवयवदाते. मेंदू मृत झालेल्या माणसाच्या नातेवाइकांनी अवयवदानास आणि संशोधनास संमती दिली, तर त्याच वेळी निरनिराळ्या ठिकाणच्या गाठीही मिळू शकतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डोना फार्बर यांनी तेथील अवयवदान संस्थेच्या सहकार्याने हे काम अनेक वर्षे चालवले आहे. एकाच माणसाचे रक्त, प्लीहा, फुप्फुसाजवळची गाठ, आतड्याजवळची गाठ शेजारी शेजारी ठेवून त्यांनी पेशी मोजल्या. ज्यांच्या घरात नुकताच मृत्यू शिरला होता, त्यांनी दिलेले हे दान आहे. आज जी थोडीफार मापे आपल्या हाती आहेत, त्यांत त्या अनोळखी कुटुंबांचा मोठा वाटा आहे.

तिसरी वाट: बारीक सुई. सोनोग्राफीत पाहत पाहत जिवंत, निरोगी स्वयंसेवकाच्या गाठीतून सुईने थोड्या पेशी ओढून घेतात. गाठ जागेवरच राहते, म्हणून तीच गाठ पुन्हा पुन्हा पाहता येते. २०२१ साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे अली एलेबेडी व सहकाऱ्यांनी करोनाची लस घेतलेल्या १४ जणांच्या काखेतील गाठी अशा तपासल्या. लसीने जागवलेल्या बी पेशींची धांदल दुसऱ्या मात्रेनंतर निदान बारा आठवडे त्या गाठीत चालू असल्याचे दिसले. लस घेतल्यावर काखेत गोळा आला म्हणून पुष्कळ जण घाबरले होते. तो गोळा म्हणजे गाठीने कामाला लागल्याची खूण होती.

रक्त आणि गाठ यांत फरक किती?

बाजाराच्या दिवशी नाक्यावर उभे राहून येणारी-जाणारी माणसे मोजली, तर गावात कोण कोण राहते हे कळेल का? रस्त्यावर तरणीताठी माणसे अधिक दिसतील. म्हातारी माणसे, तान्ही मुले, बाळंतिणी घरातच असतील. रक्त हा रस्ता आहे आणि गाठ हे गाव आहे. शरीरातील सगळ्या लिंफोसाइटांपैकी कोणत्याही क्षणी रक्तात असतात फक्त सुमारे २ टक्के. बाकीच्या गाठी, प्लीहा, अस्थिमज्जा, आतडी यांत घर करून असतात. आणि आपण माप काढतो ते त्या २ टक्क्यांवरून!

प्रौढ माणसाच्या रक्तातील लिंफोसाइटांत साधारणपणे ६० ते ८० टक्के टी, ५ ते २० टक्के बी आणि ५ ते २० टक्के एनके असतात. गाठीत बी पेशींचे प्रमाण कितीतरी अधिक असते. एक चतुर्थांश ते निम्म्यापर्यंत बी पेशी असणे हे गाठीत नेहमीचे. एनके मात्र अगदी तुरळक. सीडी ४ आणि सीडी ८ यांचे प्रमाण रक्तात बहुधा दोनास एकच्या आसपास, तर गाठीत तीनास एक, पाचास एक असे सहज दिसते. काही निर्धोक गाठींत ते याहूनही चढते. आमच्या त्या मुलाच्या ५.८ चे कोडे येथे सुटते.

आणखी एक माप महत्त्वाचे आहे. बी पेशी आपल्या अंगावर कॅपा किंवा लॅम्डा यांपैकी एकच बिल्ला लावते. निरोगी गाठीत दोन्ही बिल्ल्यांच्या पेशी मिसळलेल्या असतात, साधारणपणे एका लॅम्डामागे दीड ते दोन कॅपा. पण जवळपास सगळ्याच बी पेशींवर एकच बिल्ला दिसला, तर एकाच पेशीची बेसुमार वंशावळ माजली असावी असा दाट संशय येतो. लिंफोमा या गाठींच्या कॅन्सरमध्ये पुष्कळदा असे होते. शेतात पेरलेले मिश्र पीक दिसेनासे होऊन सगळीकडे एकच तण माजावे, तसे. येथे टक्केवारीपेक्षा मिश्रण आहे की नाही हे अधिक बोलके असते.

जागा आणि वय

बरे, गाठीचे एक माप ठरवले की झाले का? तेवढ्याने भागत नाही. सगळ्या गाठी सारख्या नसतात. आतड्याजवळच्या गाठीला रोज अन्नाशी आणि पोटातील असंख्य जंतूंशी गाठ पडते. जांघेतील गाठीला पायाच्या जखमांशी. मुलांच्या गाठींत अजून कशाशीच न लढलेल्या कोऱ्या पेशी भरपूर असतात. वय वाढते तसतशा सीडी ८ मधील कोऱ्या पेशी घटत जातात.

फुप्फुसाजवळच्या गाठींचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. फार्बर यांच्या गटाने २०२२ साली ११ ते ९३ वर्षांच्या ८४ दात्यांच्या गाठी पाहिल्या. वयाबरोबर फुप्फुसाजवळच्या गाठी काळ्या होत गेल्या होत्या. त्याच माणसांच्या आतड्याजवळच्या गाठींना मात्र तो काळेपणा नव्हता. श्वासाबरोबर गेलेले धुराचे व धुळीचे बारीक कण तेथील सफाई करणाऱ्या पेशींच्या पोटात साठले होते, आणि कणांनी भरलेल्या पेशींचे काम मंदावले होते. तो अभ्यास न्यूयॉर्कच्या दात्यांचा आहे, आपल्या खेड्यांचा नव्हे. पण ओल्या लाकडाच्या चुलीचा धूरही अशाच बारीक कणांचा असतो. स्वयंपाकघराला धुराडे हवे, हे आम्ही या पानावर पुन्हा सांगायला नको.

देशपरत्वेही माप बदलते. इथिओपियातील निरोगी माणसांच्या रक्तात सीडी ४ युरोपियनांपेक्षा कमी आढळले. म्हणून चांगली प्रयोगशाळा परदेशी पुस्तकातील रकाना जसाच्या तसा उचलत नाही. आपल्या यंत्राचे, आपल्या माणसांचे माप आपण पडताळून घेते आणि अहवालावर नमुना कशाचा, रक्ताचा की गाठीचा, हे स्पष्ट लिहिते.

यंत्राला न कळणाऱ्या गोष्टी

यंत्र पेशी मोजते, पण वस्तीची रचना पाहू शकत नाही, कारण मोजण्यासाठी ती रचना आधीच मोडावी लागते. गाव पाडून विटा मोजल्या तर विटांची संख्या कळेल, वाडा कसा होता ते कळणार नाही. म्हणून सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी लागतेच. हॉजकिन लिंफोमा या कॅन्सरात रोगट पेशी फार थोड्या असतात आणि त्यांच्याभोवती निरोगी टी पेशींची गर्दी असते. नेहमीच्या यंत्रमोजणीत त्या निसटू शकतात. तेव्हा मोजणी सामान्य आली तरी गाठ खात्रीने निर्दोष, असेही समजू नये.

आपल्या देशात मानेच्या जुनाट गाठींचे एक फार मोठे कारण क्षयरोग. जुनी माणसे हिलाच गंडमाळ म्हणत. क्षयाचे जंतू हे यंत्र दाखवत नाही. त्यासाठी गाठीतील पेशींची वेगळी तपासणी आणि जंतूंची जनुकीय चाचणी करावी लागते. क्षयाची औषधे सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत. गाठीचा क्षय बहुधा सहा महिन्यांच्या औषधाने बरा होतो. औषध चालू असता गाठ मध्येच थोडी वाढली तरी घाबरून औषध सोडू नये, डॉक्टरांना दाखवावे.

घरच्यांनी काय करावे?

जखम, किडका दात, घसा, उवांनी चिघळलेले डोके अशा कारणाने आलेली दुखरी गाठ बहुधा दोन-तीन आठवड्यांत उतरते. मूळ कारणावर इलाज करावा.

पण गाठ तीन-चार आठवड्यांत उतरली नाही, वाढतच राहिली, दगडासारखी कठीण लागली, जागची हलेना, किंवा गळपट्टीच्या हाडाच्या वर आली, तर वेळ घालवू नये. रेंगाळणारा ताप, रात्री कपडे भिजवणारा घाम आणि कारण नसता घटणारे वजन यांपैकी काही सोबत असेल तर लगेच डॉक्टर गाठावा.

गाठीवर बिब्बा घालू नये, डाग देऊ नये, ब्लेडने फोडू नये. तपासणी होण्यापूर्वी कोणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नयेत. त्यांनी लिंफोमाची गाठ तात्पुरती विरते, आणि मग निदान हुकते.

गाठ काढायचे ठरले तर आधी एक प्रश्न अवश्य विचारावा: "डॉक्टर, थोडा तुकडा ताजा ठेवणार ना?" फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाला चालतो, पण नेहमीच्या फ्लो सायटोमेट्रीला आणि क्षयाचे जंतू वाढवून पाहण्याला निरुपयोगी होतो. त्यासाठी तुकडा सलाइनमध्ये किंवा प्रयोगशाळेने दिलेल्या द्रवात, थंड ठेवून, शक्यतो त्याच दिवशी पोचवावा लागतो. आमच्या परिचयातील एका बाईंची सगळी गाठ फॉर्मॅलिनमध्ये गेली. बसने चार तास प्रवास करून बाटली शहरात पोचवली आणि तेथे 'यावर ही तपासणी होत नाही' असे उत्तर मिळाले. बिचारीला दुसरी गाठ काढून घ्यावी लागली. एक प्रश्न आधी विचारला असता तर दुसरी जखम वाचली असती.

अहवाल हाती आल्यावर बाणाकडे पाहण्याआधी वरची ओळ वाचावी. नमुना कशाचा आहे? शेजारच्या मर्यादा कशाच्या आहेत? रुग्णाचे वय व गाठीची जागा लिहिली आहे का? आणि मग सगळे कागद, आधीचे व नंतरचे, एकाच डॉक्टरांपुढे ठेवावेत. शेजारी, नातलग, फोनवर आलेले निरोप, यांतल्या कोणालाही तो निकाल देण्याचा अधिकार देऊ नये.

त्या शेतकरी गृहस्थांनी पाकीट जपून ठेवले आहे. बाणाच्या शेजारी त्यांच्या मुलाने पेन्सिलीने लिहून ठेवले आहे: 'हा रकाना रक्ताचा.' पुढे कधी गरज पडली, तर घरातील कोणी पुन्हा उपाशी राहू नये म्हणून.